कानात कापूस, डोक्यावर भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. दचकू नका, आणि कानावर हात तर मुळीच ठेवू नका. आजवर मी जे जे ओरडलो ते सगळं दुसऱ्याचं होतं. कुणाची म्हैस हरवली, मी ओरडलो. कुणाच्या पोराचं बारसं, कुणाच्या आज्याचा दहावा, साड्यांचा सेल, ग्रामसभा, नळाला पाणी येणार, लाइट जाणार, सगळं माझ्याच गळ्यातून गावभर गेलं. आज पहिल्यांदा मी माझं स्वतःचं सांगतोय, आणि वैतागून सांगतोय. इतकी वर्षं ओरडून गळ्याला पोचे पडले, तरी माणसांना ऐकायला येत नसेल तर वैतागायचं नाही तर काय करायचं?

माझा जन्म शहरातल्या एका कारखान्यात झाला. पातळ पत्रा गोल फिरवून, दाबून मला आकार दिला. तोंड केलं परातीएवढं, गळा ठेवला अरुंद, आणि मागे एक डबा बसवला. त्या डब्यातून आवाज निघतो. डोकं द्यायचं मात्र राहून गेलं. त्यामुळे तोंडात जे घालाल ते बाहेर फेकणं एवढंच माझं काम. चांगलं की वाईट, खरं की खोटं, हे ठरवायला कुणी मला सांगितलं नाही आणि मला ते जमलंही नसतं.

आधी मी कडा नावाच्या गावात एका मांडववाल्याकडे होतो. साखर कारखान्याच्या रस्त्यावर एक लिंबाचं झाड होतं, त्याच्या फांदीवर मला टांगलेलं असायचं. लग्नसराईत आहेर कुणाचा आला, जेवणाची पंगत कधी बसणार, नवरदेवाच्या मामांनी ताबडतोब मांडवात यावं, हे सगळं मी सांगायचो. एकदा वाऱ्यानं फांदीसकट खाली पडलो, तेव्हा माझ्या कडेला हा मोठा पोचा आला. मांडववाल्यानं मला सोमनाथला विकलं आणि मी दिंद्रुडला आलो.

सोमनाथ म्हणजे तीन चाकी रिक्षातून जाहिरात करणारा माणूस. घराणं मेंढरं वळणाऱ्यांचं, पण याला लहानपणापासून बोलायची हौस. त्यानं मला रिक्षाच्या टपावर घट्ट बांधलं आणि आम्ही दोघं माजलगावपासून धारूरपर्यंत गावोगाव हिंडू लागलो. माझेही चांगले दिवस होते बरं. धारूरच्या बाजारात एक लहान पोर आईच्या हातून सुटलं होतं. सोमनाथनं माझ्यातून त्याच्या लाल टोपीचं वर्णन गल्लोगल्ली सांगितलं आणि पोर सापडलं. त्या बाईनं माझ्या कडेला हळदीकुंकू लावलं, सोमनाथला नारळ दिला. पुढे कितीतरी दिवस मी ते कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून पावसाची काळजी करत होतो.

आता सोमनाथच्या दोन सवयी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच झालं. पहिली सवय अशी, की जाहिरात एकदाच मोबाइलवर भरून घ्यायची, मग ती पेन ड्राइव्हवर टाकून दिवसभर फिरवत ठेवायची. भरलेलं नीट आलंय का हे बघायला तो पहिली ओळ ऐकायचा आणि "बास, आवाज बरा हाय," म्हणून बंद करायचा. दुसरी सवय कापसाची. दिवसभर माझ्याखाली बसायचं तर कान फुटतील, म्हणून तो दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालायचा. त्याची बायको अंजना देवाच्या वाती वळायची, त्यातलाच कापूस. म्हणजे गावातला सगळ्यात मोठा आवाज ज्याच्या डोक्यावर होता, त्यालाच तो कधी ऐकू आला नाही.

सोमनाथ आणि अंजनाला एकच लेक, शिवकन्या. बारावीला होती. घरात तिला शिवी म्हणायचे. अंगानं भरलेली, गालांवर लाली, आणि आवाज असा की बस! मित्रांनो, माणसाचं रूप मला कळत नाही, पण आवाज मला कळतो. शिवकन्येचा आवाज दाणेदार होता. तो माझ्या गळ्यातून गेला की माझा पत्रासुद्धा थरथरायचा नाही, इतका तो भरीव होता. शाळेत ती भाषणं करायची. बाईच्या आवाजाची जाहिरात आली की सोमनाथ हाक मारायचा, "शिवे, ये गं, चार ओळी बोल." ती डोक्यावर गोधडी घेऊन रिक्षात बसायची, म्हणजे वाऱ्याचा आवाज येत नाही, आणि एका दमात बोलून मोकळी व्हायची.

मग एके दिवशी तिचा मामा आला. बंकट त्याचं नाव, अंजनाचा भाऊ. माणूस हसरा, हाताचा सैल, पण डोक्यात सारखे धंदे. या खेपेला त्यानं चरबी घालवायचं चूर्ण विकायला घेतलं होतं. जाहिरात त्यानंच लिहिली होती आणि ती भाचीच्याच आवाजात हवी होती.

"काकी, चढ चढवंना? वहिनी, ब्लाऊज होईना? ताई, फोटोत अर्धी जागा तुमचीच का? आजच घेऊन जा, मामाचं चूर्ण!"

शिवकन्या हसत हसत बोलली. सोमनाथनं पहिली ओळ ऐकली, म्हणाला आवाज बरा हाय, आणि आम्ही निघालो.

ती जाहिरात मी किती दिवस ओरडलो याचा हिशोब नाही. बाजारात ओरडलो, यात्रेत ओरडलो, शाळेच्या फाटकासमोर ओरडलो. गावातल्या पोरांना ती पाठ झाली. शिवकन्या बसस्टँडवर उभी राहिली की मागून कुणीतरी तिचाच आवाज काढून म्हणायचं, "ताई, फोटोत अर्धी जागा तुमचीच का?" विचार करा, तिनं तोंडातून सोडलेलं वाक्य रस्ताभर तिच्याच मागे लागलं.

त्यातच कड्याला नात्यातलं एक लग्न निघालं. सोमनाथनं मलाही नेलं आणि ओळखीच्या लिंबावर टांगलं. घरच्यांचा फोटो काढायची वेळ आली आणि कॅमेरेवाला शिवकन्येकडे बोट करून म्हणाला, "त्या ताई जरा मागं उभ्या ऱ्हावा, फोटोत मावंनात." झालं, बंकटमामाच्या हातात कोलीत मिळालं. तो भर मांडवात ओरडला, "आगं शिवे, मामाचं चूर्ण आधी तूच खा की!" सगळा मांडव हसला. शिवकन्यासुद्धा हसली. भाचीची थट्टा करायचा मामाला हक्कच असतो, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. फक्त त्या दिवशी पंगतीला ती बसली नाही. म्हणाली, उपास हाय.

आणि मित्रांनो, तिथून उपासांना सुरुवात झाली.

आधी सोमवार. मग गुरुवार. मग शनिवार, चतुर्थी, एकादशी. मधे एखादा दिवस मोकळा राहिला तर त्या दिवशी पोट दुखायचं. हातात मोबाइल असायचा, त्यात काडीसारख्या कमरा नाचत असायच्या. हा मोबाइल म्हणजे आमच्यातलाच, पण मी निदान गल्लीभर ओरडतो, चारचौघं शिव्या तरी घालतात. तो एकट्या माणसाच्या कानाशी लागून कुजबुजतो, आणि आईबापाला पत्ता नसतो.

आता माझा वैताग कुठून सुरू झाला ते ऐका. शेजारच्या चंद्रभागाबाई रोज यायच्या. शिवकन्येकडे बघून अंजनाला म्हणायच्या, "लई देवाधर्माची निघाली गं तुपली लेक. आजकालच्या पोरी कुठं इतके उपास करत्यात?" अंजनाची मान ताठ व्हायची. बायका म्हणायच्या, "काय भारी दिसायलीस गं! बारीक झालीस." ज्या तोंडांनी तिला जाड म्हटलं तीच तोंडं आता बारीक म्हणून कौतुक करत होती. तिची तब्येत कशी आहे, झोप लागते का, पोरगी इतकी गप्प का झाली, हे विचारणारं एकही तोंड नव्हतं. एवढी तोंडं असून गावाला काय उपयोग, सांगा मला!

संध्याकाळी रिक्षा घरामागच्या परड्यात उभी असायची आणि मी टपावर. पलीकडे अंजनाच्या शेळ्या बांधलेल्या असायच्या. शिवकन्या ताट घेऊन परड्यात यायची. घरात सांगायची, "माय, आत लई उकडायलंय, मी भाईर बसून जेवते." बाहेर आल्यावर ती बांडी नावाच्या शेळीपुढे बसायची आणि भाकरीचा एकेक तुकडा तिला घालायची. भाजी मातीत जायची. ताट पुसून स्वच्छ. मग आत जाऊन म्हणायची, जेवले.

हे बघणारा मी एकटा होतो. माझं तोंड परातीएवढं, पण वायर काढून ठेवलेली. गावात कुणाची कोंबडी हरवली तर मला ओरडता येतं, आणि ज्या रिक्षावर बसतो तिच्या मालकाची लेक उपाशी मरायला लागली तर येत नाही. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपल्याला घडवणाऱ्यानं डोकं दिलं नाही ते एक वेळ ठीक, निदान स्वतःचा आवाज तरी द्यायचा होता.

शेवटी व्हायचं ते झालं. चैत्रातल्या एका दुपारी बांडी खाली बसली ती उठेना. डाव्या कुशीचा ढोल झालेला, तोंडाला फेस. शेळीचं पोट पाल्यावर चालतं, रोज भाकरी खाऊन ते फुगणारच. अंजनानं हंबरडा फोडला. सोमनाथ रिक्षा सोडून जनावरांच्या डॉक्टरकडे पळाला. गोडं तेल आलं, ओवा आला. चार बायका बांडीची कूस चोळायला बसल्या. गल्ली गोळा झाली.

"कुणी घातली हिला भाकर?" अंजना गव्हाणीत हात घालून तुकडे काढत होती. "रोजच्या रोज घातल्याबिगर असं फुगत न्हाई. माझ्या शेळीच्या जिवावर कोण उठलंय?"

शिवकन्या बांडीचा कान धरून बसली होती. उन्हानं गव्हाणीचा दगड तापलेला, आणि तिच्या अंगात स्वेटर. डोळे खोल गेलेले, ओढणीखाली केस विरळ झालेले. चंद्रभागाबाईंनी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी! त्या म्हणाल्या, "पोरगी बघा कशी सुकली जनावराच्या काळजीनं. लई माया हाय तिला."

मी तुम्हाला खरं सांगतो, त्या वेळी माझ्यात करंट असता तर अख्ख्या दिंद्रुडच्या कानठळ्या बसवल्या असत्या. शेळीचं पोट फुगलं म्हणून गल्ली जमली. पोरीचं पोट पाठीला लागलं होतं ते कुणाला दिसेना. बांडी वाचली. अंजनानं त्या दिवसापासून गव्हाण रोज तपासायला सुरुवात केली. पोरीचं ताट तपासायचं काही तिच्या मनात आलं नाही.

आठवड्यानं बंकटमामा आला आणि भाचीला बघून खूश झाला. "आगं, तू तर हिरॉईन झालीस की! दाजी, हिचा आधीचा एक फोटो काढा आणि आत्ताचा एक. दोन्ही बोर्डावर लावतो धारूरच्या बाजारात. आधी अशी, चूर्णानंतर अशी!"

"मी चूर्ण खाल्लं न्हाई मामा," शिवकन्या म्हणाली.

"खाल्लं न्हाई तर न्हाई, कोण बघायलंय? रविवारी फोटोवाला घेऊन येतो. त्याच्या आधी आजून थोडी बारीक होतीस का बघ, फोटोत लई फरक दिसंल."

तिनं मान हलवली. त्या संध्याकाळी ताट परड्यातसुद्धा आलं नाही. आत्ता आहे त्याहून बारीक म्हणजे काय उरणार होतं, मित्रांनो? मला रविवारची धास्ती बसली.

शुक्रवारी विमलबाई आल्या. या गावच्या आशाताई. औषधगोळ्या, बाळंतिणी, लसी सगळं बघतात. त्यांच्या हातात ग्रामीण रुग्णालयातून आलेला कागद होता. आजूबाजूच्या गावांत शाळेतल्या मुली चक्कर येऊन पडत होत्या आणि विचारलं की प्रत्येकीचा उपास निघत होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ठरवलं होतं, पोरींच्या हातातला मोबाइल त्यांच्या कानात नको ते घालतो, तर आपण भोंग्यावरून हवं ते घालू.

"सोमनाथभाऊ, ही जनजागृती हाय. उद्याच्या बाजाराला फिरली पायजे. बाईमाणसाचा आवाज लागतो, म्हणजे पोरी ऐकतील."

सोमनाथनं कागद वाचायला घेतला. "अन्नग्रहणासंबंधी मानसिक विकार व शरीरप्रतिमेविषयीचे न्यूनगंड... विमलताई, हे कळंल का कुणाला?"

"मलाच निम्मं कळंना," विमलबाई हसल्या. "शिवे, तू भाषणं करतीस न्हाई का? तुझ्या तोंडानं सोपं करून सांग बाई."

सोमनाथ पंक्चर काढायला बसला, विमलबाई पुढच्या घरी गेल्या. शिवकन्या गोधडी घेऊन रिक्षात, बरोबर माझ्याखाली बसली. कागद तिनं वाचला. परत वाचला. मग बोलायला लागली. मी तिचा आवाज ऐकला आणि माझ्या पत्र्याला कापरं भरलं. दाणा गेला होता. एका दमात चार ओळी बोलणारी पोरगी दर वाक्याला श्वास घ्यायला थांबत होती.

"माय-बहिणींनो, ऐका. काही पोरी जेवत न्हाईत. उपास म्हणून सांगतात, पण तो देवासाठी नसतो, आरशासाठी असतो. त्यांचे केस गळतात. उन्हात थंडी वाजते. उठलं की डोळ्यापुढं अंधारी येते. पाळी थांबते. समदे म्हणतात, बारीक झाली, छान झाली. ती छान झालेली नसते. ती आजारी असते. याच्यावर दवाखान्यात इलाज हाय."

इथे कागद संपला होता. मला माहीत आहे, कारण तिनं तो घडी करून खाली ठेवला. पण तिनं मोबाइल बंद केला नाही. पुढे म्हणाली, "तुमची पोरगी ताटातली भाकर शेळीला घालत असंल तर तिला रागवू नका. तिला धरा. तिचं तिला थांबता येत न्हाई."

आणि मोबाइल बापाच्या हातात दिला. सोमनाथनं हात पुसले, पहिली ओळ ऐकली. "माय-बहिणींनो, ऐका." म्हणाला, "बास, आवाज बरा हाय." ऐका म्हटल्यावर बंद करणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही.

पुढची तऱ्हा तर विचारूच नका. पेन ड्राइव्हवर चूर्णाची जाहिरात होतीच. बंकटला शब्द दिलेला, बाजाराचा दिवस, त्याची जाहिरात कशी काढायची? सोमनाथनं जनजागृती तिच्या आधी जोडून दिली. कानात बोळे घातले, आणि शनिवारी सकाळी आम्ही निघालो. एकदा मी सांगायचो, पोरी जेवत नाहीत, त्या आजारी आहेत. लगेच मीच विचारायचो, ताई, फोटोत अर्धी जागा तुमचीच का? चौकातली माणसं पोट धरून हसायला लागली. मला इतकी लाज त्या लिंबावरून पडलो तेव्हाही वाटली नव्हती.

विमलबाई बाजारातून धावत आल्या. "अवो सोमनाथभाऊ! हे काय लावलंय? आधी म्हणता जेवा, मागून म्हणता जेवू नका! बंद करा ते!"

सोमनाथला दिसलं ते एवढंच, की विमलताई हात हलवून काहीतरी कौतुक करत आहेत. त्यानं हसून अंगठा दाखवला आणि गाडी पुढे घेतली. त्या बिचाऱ्या कपाळाला हात लावून रस्त्यात उभ्या राहिल्या.

दुपारी आम्ही धारूरच्या रस्त्याला लागलो. तिथे बाजूच्या माळावर अंजना शेळ्या चारत होती. मी लांबूनच ओरडत येत होतो. आपल्या लेकीचा आवाज ओळखून ती कौतुकानं काठीवर हनुवटी टेकून उभी राहिली. केस गळतात, मी म्हणालो. उन्हात थंडी वाजते. काठीवरची हनुवटी उचलली गेली. पुढचं वाक्य तिच्यापर्यंत पोचलं तेव्हा मी अगदी समोर होतो. तुमची पोरगी ताटातली भाकर शेळीला घालत असंल तर.

अंजनानं बांडीकडे बघितलं. मग शेळ्या माळावर तशाच टाकून, पदर सावरायचं भान न ठेवता ती उतारावरून पळत आली आणि रिक्षाच्या पुढे आडवी झाली. सोमनाथनं करकचून ब्रेक लावला.

"मरायचंय का? काय झालं?"

तिला दम लागला होता. तिनं सरळ हात घालून त्याच्या एका कानातला बोळा ओढून काढला, मग दुसऱ्या कानातला. "ऐका. तुमच्याच भोंग्यावर तुमची लेक वरडायलीय. साऱ्या मुलखानं ऐकलं, आपुन न्हाई ऐकलं."

चूर्णाची जाहिरात संपत आली होती. ती संपली आणि माझ्यातून परत तो अशक्त, धापा टाकणारा आवाज सुरू झाला. सोमनाथ पहिल्यांदा पहिली ओळ ओलांडून पुढे ऐकत होता. शेळीचं वाक्य आलं. आणि त्याच्या पाठोपाठ, त्यानंच जोडून दिलेली, शिवकन्येची जुनी जाहिरात लागली. तोच गळा, तीच पोरगी, पण आवाज भरलेला, हसरा, दाणेदार. काकी, चढ चढवंना?

जन्मभर आवाजावर पोट भरणारा माणूस होता तो. मधे काय गेलंय हे त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

"ही शिवी हाय," तो म्हणाला. "आन् आधीची... आधीची बी शिवीच हाय का गं?"

"तीच हाय. आपलीच हाय."

त्यानं हात वर करून माझी वायर उपटली. माझा आवाज बंद झाला. माळावर नुसत्या शेळ्यांच्या घंटा वाजत होत्या, आणि सोमनाथ हँडलवर डोकं टेकून रडत होता.

त्या दिवशी शेळ्या कुणी घरी आणल्या ते मला माहीत नाही. रिक्षा जोरात घराकडे आली. उघड्या दारातून मला दिसलं, शिवकन्या आत अंथरुणावर पडलेली होती. अंजना तिच्यामागे जाऊन बसली आणि स्वेटरखालून तिच्या पाठीवरून हात फिरवला. शेळी आजारी वाटली की ती असाच हात फिरवून मणके चाचपते. या पाठीवर तिला सगळेच मणके लागले. ती मोठ्यानं रडली नाही, रागावली नाही. तिनं पोरीला दोन्ही हातांनी धरलं.

"सांगितलं का न्हाईस गं मला?"

"सांगितलं की माय," शिवकन्या म्हणाली. "भोंग्यावर सांगितलं."

संध्याकाळच्या आत ते तिला दवाखान्यात घेऊन गेले. तिथून बीडला. शरीराचे डॉक्टर वेगळे, मनाचे वेगळे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडा उशीर झाला असता तर हृदयानं साथ सोडली असती. बऱ्याच आठवड्यांनी ती घरी आली. मधल्या काळात गाव गप्प बसलं असेल असं वाटतं का तुम्हाला? कुणी म्हणे, बाहेरची बाधा असेल. कुणी म्हणे, पोरीचं प्रेमप्रकरण असेल. रविवारी बंकटमामा फोटोवाला घेऊन आला होता, तेव्हा दाराला कुलूप होतं. पुढे दवाखान्यात भाचीला बघायला गेला, तिथून आल्यावर त्यानं चूर्ण विकणं बंद केलं. उरलेल्या पोत्यांचं काय केलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, आणि अंजना अजून त्याच्याशी नीट बोलत नाही.

आता सोमनाथकडे काळा चौकोनी नवा स्पीकर आहे. मला त्यानं शेळ्यांच्या छपराखाली टांगून ठेवलं आहे. माझ्या तोंडात एका कोंबडीनं घर केलं आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. निदान ती माझ्या तोंडात खोटं तर घालत नाही. सोमनाथ आता भरलेलं सगळं शेवटपर्यंत ऐकतो. कानात कापूस अजून घालतो, गाडी चालवायची तर घालावाच लागतो. पण घराच्या वळणावर आला की बोळे काढून खिशात ठेवतो.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, पण तुम्हीही कुणाला तरी जाड्या म्हणता, काडी म्हणता, आणि वर म्हणता गंमत केली. ती गंमत समोरच्याच्या कानात फिरत राहते, माझ्यासारखी, दिवसभर, पुन्हा पुन्हा. तिची वायर सहज उपटता येत नाही. कुणाच्या अंगावर बोलू नका. आणि मैत्रीण डबा उघडत नसेल, उन्हात कुडकुडत असेल, तिचा आवाज बारीक होत चालला असेल, तर लाजू नका, घाबरू नका, मोठ्या माणसाला जाऊन सांगा. एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. आणि तुमच्या स्वतःच्या बाबतीत तसं होत असेल तर तेही सांगा. त्याला भोंगा लागत नाही.

काल संध्याकाळी शिवकन्या परड्यात जेवायला बसली होती. आता ती एकटी बसत नाही, आईबाप दोघंही ताट घेऊन बसतात. रोज सारखं जेवण जात नाही. काही दिवस ती ताटाकडे बघून रडते, तेव्हा कुणी खा खा म्हणून मागे लागत नाही, कुणी उठूनही जात नाही. काल तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातात धरून बसली. सवयीनं बांडी दोरी ताणून पुढे आली, मान लांब केली, ओठ हलवायला लागली.

अंजनानं हातानं तिचं तोंड मागे सारलं.

"सरक पलीकडं. ती भाकर तुपली न्हाई. तिची हाय."

शिवकन्येनं तुकडा तोंडात घातला आणि सावकाश चावायला लागली.